संताजी आणि धनाजी : विभागलेली निष्ठा आणि अनुच्चारित शोक

प्रस्तावना

बोरीवली पश्चिमेकडील एकसर हे गाव आज उपनगराच्या दाट वस्तीत मिसळून गेले असले, तरी तेथील वीरगळांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस ते परिचित आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये येथील सहा स्मारकशिळांचे वर्णन आले आहे. त्यांवर भूमीवरील युद्धाबरोबरच नौकायुद्धाचेही प्रसंग कोरलेले आहेत. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या संघर्षाशी अनेक अभ्यासक या शिळांचा संबंध जोडतात. काहींच्या मते त्या त्याहून पूर्वीच्या आहेत. काळ कोणताही मानला, तरी वीरगळाची भाषा ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई आणि पतन, त्यावर वीराचे स्वर्गारोहण, शेवटी शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश. वीर स्वामीकार्यी पडला, एवढे दगड सांगतो. ज्याच्याशी तो लढला तो त्याचा कोण होता, कालपर्यंत एकाच पंगतीला बसणारा कोणी होता काय, हे सांगण्यास त्या चौकटींत जागाच नाही.

दगडाची ही मर्यादा लेखी साधनांनाही लागू पडते काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखकास पडला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत परिचित जोडी निवडली आहे. सेनापती संताजी घोरपडे आणि सेनापती धनाजी जाधव ही दोन नावे मराठी भाषा आजही एका दमात उच्चारते. मोगलांचे घोडे पाणी पीत नाहीसे झाले की पाण्यात संताजी-धनाजी दिसतात काय, असे त्यांना विचारले जाई, ही आख्यायिका शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु १६९६ मध्ये हे दोघे एकमेकांवर सैन्य घेऊन चालून गेले आणि १६९७ मध्ये संताजीचा अंत झाला त्या मोहिमेचे नेतृत्व धनाजीकडे होते, हे भान त्या सामासिक शब्दात उरलेले नाही.

एका मुशीतील दोन सेनानी

संताजीचे वडील म्हाळोजी घोरपडे फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे, संभाजी महाराज पकडले गेले त्या प्रसंगी लढताना पडले. धनाजी हा सिंदखेडच्या जाधव घराण्यातील, म्हणजे जिजाबाईंच्या माहेरचा. दोन्ही घराण्यांची पूर्वपीठिका येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. सिंदखेडकर जाधवांच्या काही शाखा मोगलांच्या मनसबदार होत्या. घोरपड्यांची मुधोळची शाखा आदिलशाहीची चाकर होती, आणि तिचा प्रमुख बाजी घोरपडे शिवाजी महाराजांशी झालेल्या लढाईत मारला गेला होता. एकाच कुळातील माणसे दोन छावण्यांत असणे त्या काळी अपवादात्मक नव्हते. ‘स्वामिनिष्ठा’ हा शब्द आपण आज ज्या निखळ अर्थाने वापरतो, तसा तो या सेनानींच्या जीवनात क्वचितच आढळतो. स्वामी, वतन, कूळ आणि रणातील सोबती अशा अनेक निष्ठा एका माणसावर एकाच वेळी हक्क सांगत असत.

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले आणि स्वराज्याचा संसार दोन ठिकाणी विभागला गेला. या काळात संताजी आणि धनाजी यांनी मिळून केलेले कार्य सर्वज्ञात असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही. एकच प्रसंग नोंदवितो. डिसेंबर १६९२ मध्ये जिंजीचा वेढा ढिला करण्यासाठी दोघे कर्नाटकात उतरले. संताजीने कांचीपुरमजवळ अलीमर्दानखानास कैद केले, तर धनाजीने जिंजीच्या बाजूस इस्माईलखान मकास पकडले. दोन स्वतंत्र फौजांनी एकमेकांवर विसंबून हालचाली केल्याखेरीज असे यश मिळत नाही. त्यांच्यातील नात्यास ‘मैत्री’ म्हणावे असा शब्द साधनांत सापडत नाही, तो शब्द आपला आहे. मात्र एकमेकांच्या जिवावर आपला जीव टाकणे हे त्या नात्याचे स्वरूप होते, इतके निश्चितपणे म्हणता येते.

वतनाची ओढ आणि दुरावा

शिवाजी महाराजांनी लष्कराला शक्य तो रोख वेतन देण्याचे आणि नवीन वतने न देण्याचे धोरण ठेवले होते. राजाराम महाराजांच्या खजिन्यात रोख नव्हती, आणि औरंगजेब मात्र फितुरांना मनसबी व जहागिरी वाटत होता. परिणामी मराठी राज्यासही वतनांची आश्वासने द्यावी लागली. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना दिलेली सनद प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि अखेर दिल्ली असे टप्पे घालून तीत एकूण सहा लक्ष होनांचे वचन दिले आहे. या सनदेत मोठे स्वप्न आहे, तसाच सौदाही आहे. निष्ठेस अशी किंमत ठरविली गेली की दोन सरदारांमध्ये मोठा कोण, कोणास काय मिळाले, या तुलनेस उधाण येते.

संताजीचा स्वभाव या तुलनेस पोषक ठरला असावा. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार संताजीच्या रणकौशल्याचे भय लपवीत नाही. त्याचबरोबर, क्षुल्लक अपराधासाठीही तो माणसे हत्तीच्या पायी देई आणि त्यामुळे बहुतेक मराठे सरदार त्याच्या विरोधात जाऊन आतून धनाजीस मिळाले, असेही तो सांगतो. शत्रुपक्षाच्या लेखकाचे हे विधान सावधपणे घ्यावयास हवे. तथापि १६९३ मध्येच संताजी राजाराम महाराजांवर रुष्ट होऊन निघून गेला होता, सेनापतिपद काही काळ धनाजीकडे गेले आणि पुढे पुन्हा संताजीकडे आले, ही पार्श्वभूमी ध्यानात घेता बेबनाव अचानक झालेला नव्हता हे स्पष्ट होते.

दोड्डेरी येथे कासिमखानाचा निःपात (नोव्हेंबर १६९५) आणि बसवापट्टण येथे हिंमतखानाचा वध (जानेवारी १६९६) ही संताजीच्या कीर्तीची शिखरे होत. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत जिंजीच्या परिसरात संताजी आणि धनाजी समोरासमोर आले. धनाजीबरोबर प्रत्यक्ष राजाराम महाराज होते. धनाजीचा पराभव झाला. त्याच्या बाजूचा अमृतराव निंबाळकर संताजीच्या हाती सापडला आणि संताजीने त्यास हत्तीच्या पायी दिले. यानंतरचा प्रसंग जदुनाथ सरकारांनी तत्कालीन वृत्तांताच्या आधारे दिला आहे. विजयी संताजी दुसऱ्या दिवशी आपले हात बांधून राजाराम महाराजांसमोर उभा राहिला, आपण पूर्वीचेच चाकर आहोत, धनाजीस आपल्या बरोबरीचा करू पाहिल्यामुळेच हा उद्धटपणा घडला, अशा आशयाचे बोलला.

ज्या राजाच्या फौजेचा आदल्या दिवशी पराभव केला, त्याच राजापुढे हात बांधून उभे राहणे यास बंडखोरी म्हणावे की निष्ठा? प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्हीही. येथे संताजीची निष्ठा तुटलेली नाही, ती विभागली आहे. राजावरील निष्ठा कायम आहे, राजाने निवडलेल्या माणसावरची तुटली आहे. धनाजीची अडचण याच्या उलट आहे. राजाज्ञा पाळावयाची तर जुन्या सोबत्यावर शस्त्र धरणे भाग होते. न पाळावी तर तोच बंडखोर ठरला असता.

माणदेशातील शेवट

१६९६ च्या अखेरीपर्यंत सेनापतिपद संताजीकडून काढून धनाजीस देण्यात आले. मार्च १६९७ मध्ये विजापूरच्या प्रदेशात दोघांची पुन्हा गाठ पडली. या वेळी संताजीच्या सैन्यातील बरेच लोक धनाजीस जाऊन मिळाले. मोजक्या सोबत्यांनिशी संताजी शंभुमहादेवाच्या डोंगराकडे वळला. जून १६९७ मध्ये म्हसवडचा देशमुख नागोजी माने याने त्यास मारले. हा नागोजी मोगलांकडून मराठ्यांकडे आणि पुन्हा मोगलांकडे गेलेला. त्याची पत्नी राधाबाई ही हत्तीच्या पायी दिलेल्या अमृतराव निंबाळकराची बहीण, आणि भावाच्या सुडासाठी तिने पतीस प्रवृत्त केले असे सांगितले जाते. खाफीखानाच्या मते संताजी ओढ्यात स्नान करीत असता थकलेला आणि एकटा सापडला. त्याचे मस्तक अखेर औरंगजेबाकडे पोचले. घटनेच्या तपशिलात निरनिराळ्या साधनांत फरक आहेत, पण ज्याने बादशाही फौजांची झोप उडविली त्या सेनापतीचा अंत स्वकीयांकडून झाला, याविषयी एकमत आहे.

ही वार्ता धनाजीस केव्हा, कोठे कळली? त्याने काय म्हटले? या प्रश्नांची उत्तरे साधनांत मिळत नाहीत. शकावल्या तिथी देतात, फारसी इतिहासकार बादशहाच्या समाधानाकडे पाहतात, बखरकार राज्याच्या हानीबद्दल हळहळतात. धनाजी मात्र कोठेही बोलत नाही.

शोकाची जागा

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजमान्यता न लाभणाऱ्या शोकाची संकल्पना मांडली. मृत व्यक्तीशी असलेले नाते समाजास मान्य नसेल किंवा तुटलेले असेल, तर मागे राहिलेल्यास दुःख व्यक्त करण्याचा अधिकारच उरत नाही, असे तिचे सार आहे. विसाव्या शतकातील ही संकल्पना सतराव्या शतकातील सरदारावर लादणे धोक्याचे होय. परंतु आपल्या परंपरेस हा पेच अपरिचित नाही. महाभारताच्या स्त्रीपर्वात युद्धानंतर तर्पण चालू असता कर्ण हा ज्येष्ठ बंधू होता हे युधिष्ठिरास कळते, आणि ज्यास शत्रू मानून मारले त्यास जलांजली देण्याची वेळ येते. तेथे किमान जलांजली देता आली. १६९७ मध्ये नव्या सेनापतीस पदच्युत सेनापतीचा शोक करणे कसे शक्य होते? तो करणे म्हणजे राजाज्ञेविषयी शंका घेणे ठरले असते. शिवाय ज्या लोकांनी संताजीची बाजू सोडली, त्यांच्याच बळावर धनाजी उभा होता.

शब्द नसतील तेथे वर्तनाकडे पाहावे लागते. दोन घटना या दृष्टीने विचारात घेण्यासारख्या आहेत. पहिली १७०५ ची. औरंगजेब स्वतः बेरडांच्या वागिणगेऱ्यास (आजच्या कर्नाटकातील सुरपूर भागात) वेढा घालून बसला होता. पिडिया नायकाच्या साहाय्यास मार्च महिन्यात पाच-सहा हजार मराठे स्वार आले. त्यांचे पुढारी दोन होते, धनाजी जाधव आणि हिंदुराव घोरपडे. हिंदुराव हा किताब संताजीचा धाकटा भाऊ बहिर्जी याचा. संताजीच्या मृत्यूनंतर आठ वर्षांच्या आत त्याचा भाऊ आणि त्याचा प्रतिस्पर्धी एका फौजेच्या अग्रभागी होते. यास दिलजमाई म्हणण्याची घाई करू नये. अनेक मराठे सरदारांची कुटुंबे वागिणगेऱ्यात आश्रयास होती आणि नायकाकडून खर्चास रक्कमही मिळत होती. तरीही घोडा शेजारी घेण्यासाठी दोघांनाही काहीतरी गिळावे लागले असणार. ते काय, हे कागद सांगत नाही.

दुसरी घटना १२ ऑक्टोबर १७०७ ची, खेडची. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूविरुद्ध ताराबाईंनी धनाजीस परशुरामपंत प्रतिनिधींसह पाठविले. सरदारांनी दूधभाताची शपथ घेतली होती, असे परंपरा सांगते. आलेला शाहू तोतया नाही याची खात्री पटल्यावर धनाजी ऐन वेळी त्यास मिळाला. बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीचा आणि स्वार्थाच्या हिशेबाचा वाटा त्यात होताच. इतिहासकारांनी या पक्षांतराचे समर्थन केले आहे आणि त्यास दोषही दिला आहे. येथे वेगळा मुद्दा मांडावासा वाटतो. दहा वर्षांपूर्वी राजाज्ञेने स्वकीयावर चालून गेलेला हाच सेनापती होता, आणि त्या आज्ञापालनाचे फळ त्याने शंभुमहादेवाच्या पायथ्याशी पाहिले होते. खेडच्या रणात तशीच आज्ञा पुन्हा त्याच्या हाती होती. या वेळी त्याने ती पाळली नाही. एका घटनेतून दुसरी निघाली असे सिद्ध करता येणार नाही. पण धनाजीच्या मनाचा विचार करताना पहिली वगळून दुसरी वाचणे अपुरे ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शाहूने धनाजीचे सेनापतिपद कायम केले. पुढच्याच वर्षी, १७०८ मध्ये, वारणेच्या खोऱ्यातील वडगाव येथे धनाजीचा मृत्यू झाला. त्याचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला, बाळाजी विश्वनाथाशी त्याचे बिनसले, १७११ मध्ये तो ताराबाईंच्या पक्षास आणि नंतर निजामाकडे गेला. संताजीचे वंशज करवीर राज्यात राहिले. कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील त्यांच्या जहागिरीच्या गावास आज सेनापती कापशी म्हणतात. राजाराम महाराजांनी संताजीकडून काढून धनाजीस दिलेले पद त्या गावाच्या नावात राहिले आहे. धनाजीचे वडगावही त्याच जिल्ह्यात आहे.