टीव्हीला जोडायच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये कोणती सिस्टीम टाकायची?

तर मंडळी, नांदेड असो की लातूर, बऱ्याच घरांत एक जुना कॉम्प्युटर पडून असतो. एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडला की झालं घरचं थिएटर. पण आत सिस्टीम कोणती?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते जुन्या मशीनमध्ये बहुतेक नसतंच.

माझं मत लिब्रेइलेकला. फुकट आहे, आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आणि चालू केलं की सरळ कोडी उघडतं. (कोडी म्हणजे जुनं एक्सबीएमसी, २०१४ मध्ये नाव बदललं.) प्रोसेसर तेवढा ६४ बिटचा हवा.

आपल्याकडं खरा मुद्दा लाईटचा! ऐन क्लायमॅक्सला लाईट गेली तर? लिब्रेइलेकची मूळ सिस्टीम फाईल नुसती वाचली जाते, चालू असताना तिच्यावर काही लिहिलं जात नाही. त्यामुळं मशीन अचानक बंद पडलं तरी सिस्टीम बिघडायचा धोका कमी. सिनेमांच्या हार्डडिस्कला मात्र हे संरक्षण नाही, तिच्यासाठी छोटा यूपीएस घ्याच.

रिमोट? मोबाईलवर कोडीचं कोरे ॲप टाका. घरातलं वाय-फाय पुरतं, नेट बंद असलं तरी चालतं.

यात ब्राउझर नाही बरं का. नेटफ्लिक्सच बघायचं असेल तर हा उद्योग करू नका, टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावा.