पिशवी काढली, पण कागद कुठाय?

२००० सालाच्या आगेमागे ज्या मुली पदवी घेऊन घरी बसल्या होत्या, त्यांना ‘मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन’ हा शब्द नक्की आठवत असेल. पेपरात जाहिराती यायच्या. इंग्रजी बरं हवं, टायपिंग हवं, काही महिन्यांचा कोर्स करा आणि एसीत बसून अमेरिकेचं काम करा! अंबाजोगाईसारख्या गावातून मुलीला पुण्यात एकटं ठेवायला घरचे एरवी तयार झाले नसते, पण ‘मेडिकल’ या शब्दाचं वजनच वेगळं. ‘आमची पोरगी डाक्टरच्या लाइनीत हाय,’ असं आजी शेजारणींना सांगायची. त्या लाइनीत मी चार वर्षं काढली.

काम असं असायचं. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासला किंवा ऑपरेशन केलं, की सगळा वृत्तांत बोलून रेकॉर्ड करायचा. तो आवाज इंटरनेटवरून आमच्याकडे यायचा. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पाय दाबला की डॉक्टर बोलू लागणार, उचलला की गप्प. ऐकायचं आणि टाइप करायचं. साधारण ६५ अक्षरांची एक ओळ धरायची आणि ओळींवर पैसे. अचूकता ९८ टक्क्यांच्या वर पाहिजे, शिवाय आमच्यामागे तपासणारे वेगळे. तिकडच्या टायपिस्टपेक्षा आम्ही स्वस्त, हे खरं कारण. आणि तिकडे रात्र तेव्हा इकडे दिवस, त्यामुळे डॉक्टर झोपून उठेपर्यंत कागद तयार.

गुप्ततेचा मोठा बाऊ असायचा. पेशंटची माहिती जपण्यासाठी अमेरिकेनं १९९६ मध्ये ‘हिपा’ नावाचा कायदा केला होता. आम्हाला आत मोबाइल नेता येत नसे. तरी २००३ मध्ये एक प्रकरण गाजलंच. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या रुग्णालयाचं काम एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असं करत कराचीतल्या एका बाईपर्यंत पोचलं होतं. तिचे पैसे थकले. तिनं थेट रुग्णालयाला ई-मेल पाठवली, पैसे द्या, नाही तर पेशंटच्या फाइली इंटरनेटवर टाकते! काही पैसे मिळाल्यावर तिनं धमकी मागे घेतली. आपलं काम नेमकं कोण करतंय, हे रुग्णालयाला तोवर ठाऊकच नव्हतं. आम्हा बीडकरांना यात नवल वाटू नये. कारखाना, मुकादम आणि शेवटी कोयता ही साखळी आपल्या ओळखीचीच आहे.

त्या कामातला एक प्रकार माझ्या डोक्यात पक्का बसलाय. गर्भाशय काढल्याच्या ऑपरेशनचा रिपोर्ट. त्याचा साचा ठरलेला. ऑपरेशनआधीचं निदान, नंतरचं निदान, का करावं लागलं, आत काय दिसलं, ओव्हरी ठेवल्या की काढल्या, रक्त किती गेलं, काढलेला भाग तपासणीला पाठवला का. कापसाच्या घड्या मोजून बरोबर भरल्या, हेसुद्धा. मी कधीही न पाहिलेल्या त्या बायकांच्या पोटातली खडान्‌खडा हकिगत मी टाइप केली आहे.

लग्नानंतर मी परत जिल्ह्यात आले आणि ऊसतोडीच्या बायकांशी बोलणं होऊ लागलं. चाळिशीही न गाठलेल्या एकीला विचारलं, ‘‘मावशे, पिशवी का काढली?’’

‘‘डाक्टर म्हनले, नाही काढली तर कॅन्सर व्हईल.’’

‘‘काही कागद?’’

‘‘बिल व्हतं बाई. कोपीत भिजून गेलं.’’

हे एकीचंच नव्हतं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीडचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास १७. देशभरच्या २०१५-१६ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. अंगावरून जास्त जातं, पोट दुखतं, फडात ना पाणी ना आडोसा, एक खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. अशा बाईला कॅन्सरची भीती घातली की ती उचल घेऊन ऑपरेशन करून मोकळी होते.

आता या बायका पन्नाशीकडे चालल्यात. हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात. नवा डॉक्टर विचारतो, ‘‘ओव्हरी आहेत का?’’ उपचार त्यावर अवलंबून असतात. कारण ओव्हरीही गेल्या असतील तर पाळी जाण्याचं वय एकदम अंगावर येतं आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. पण सांगणार काय? कागदच नाही.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. चांगलंच झालं. पण आपल्या हातात आहे ते आपण आजच करावं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, भरती झालेल्या पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची आणि पेशंटनं मागितली तर ७२ तासांत द्यायची. यासाठी वकील लागत नाही. साधा अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. मात्र तीन वर्षं उलटायच्या आत.

मागायचं काय? डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीचा रिपोर्ट. घरी आल्यावर कुणा शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावं, ‘का काढलं’ याच्यापुढे काय लिहिलंय ते.

माझं ते काम आता पुष्कळसं संगणकच करतो. डॉक्टर आणि पेशंट बोलत असतानाच तो नोंद लिहून काढतो. लिहिणारा बदलला तरी तिकडच्या बाईची फाइल तयार होतेच. आपल्याकडच्या बाईनं निदान रेशन कार्ड आणि आधार कार्ड ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय, त्यातच हे तीन कागद ठेवावेत. आणि तोडीला निघताना ती पिशवी बरोबर घ्यावी.