वजनावर विसंबलेली बॅटरी

पंधरा वर्षे इमानाने चाकरी केलेल्या माझ्या मोटारीच्या नोंदणीची मुदत संपत आली, तेव्हा तिला पासिंगसाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयात हजर करण्यापूर्वी मी माझ्या समजुतीप्रमाणे यच्चयावत तयारी केली होती. ब्रेक आवळून घेतले होते, दिव्यांचे झोत सारखे करून घेतले होते, वायपरची रबरे बदलली होती, शेजाऱ्यांच्या नाराजीची तमा न बाळगता भोंगा वाजवून पाहिला होता. शिवाय विम्याचा कागद, पीयूसीचा दाखला आणि पर्यावरण कराची पावती अशी दस्तऐवजांची चळत काखोटीला मारलेली होतीच. निरीक्षकसाहेबांनी कागद चाळले, बॉनेट उघडावयास सांगितले, आणि नंतर जे केले ते इतके साधे होते की ते मला पंधरा वर्षांत एकदाही का सुचले नाही याचे आजही नवल वाटते. त्यांनी बॅटरीवर तळहात ठेवला आणि ती हलवून पाहिली. तिच्या अंगाभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळलेली होती आणि त्या पट्टीच्या बंधनात ती सुखाने डोलत होती.

“क्लॅम्प लावून आणा, मग पाहू,” एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या टेम्पोकडे वळले.

ती ट्यूब कोठून आली हे मला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी नवी बॅटरी घेताना दुकानदाराकडे नेमक्या मापाची नव्हती. त्याने दिली ती किंचित बुटकी निघाली आणि मूळचा क्लॅम्प तिच्यावर बसेना. दुकानातल्या पोऱ्याने ट्यूब गुंडाळली आणि माझ्या चेहऱ्यावरची शंका वाचून म्हणाला, “साहेब, एवढी जड वस्तू जातेय कुठं?” हा युक्तिवाद मला त्या वेळी बिनतोड वाटला होता. पाटा-वरवंटा, जाते, तिजोरी या वस्तू वजनानेच जागच्या जागी राहतात हे आपण लहानपणापासून पाहत आलेलो असल्यामुळे जडपणा म्हणजेच स्थैर्य असे आपल्या मनाने कायमचे ठरवून टाकलेले असते. पण तिजोरी ज्या जमिनीवर उभी असते ती जमीन चालत नाही. मोटार चालते, वळते, आणि पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर तर उड्याही मारते. अशा वेळी गाडीने दिशा बदलली तरी आपली पूर्वीची गती न सोडण्याचा जो हट्ट प्रत्येक पदार्थ धरतो, तो वस्तू जितकी जड तितका अधिक असतो. दहा-पंधरा किलोंची बॅटरी वजनामुळे जागेवर राहत नाही. वजनामुळेच ती जागा सोडते.

सोडून ती जाते कोठे, हा खरा प्रश्न आहे. मोटारीचा पत्र्याचा सांगाडा हाच विजेचा परतीचा मार्ग असतो, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे धन टोक बॉनेटच्या पत्र्याला नुसते टेकले तरी वर्तुळ पूर्ण होते. बारा व्होल्ट हा दाब माणसाला झटकाही देत नाही, म्हणून आपण या यंत्राला निरुपद्रवी समजतो. परंतु बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने अशा शॉर्टसर्किटमध्ये शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो, आणि तो पाना लाल करावयास व तारेचे वेष्टन पेटवावयास पुरेसा असतो. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल गाडीत बॅटरी मागच्या आसनाखाली असे, आणि एखादा वजनदार पाहुणा बसला की आसनाच्या स्प्रिंगा टर्मिनलांना टेकून खालून धूर निघाल्याचे प्रकार त्या गाडीच्या शौकिनांना चांगलेच परिचित आहेत. त्यात भर म्हणजे चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एका ठिणगीचे निमित्त पुरते.

आग लागली नाही तरी नुकसान टळत नाही. फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्तेने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांची जी जोडी जमवली, तीच आजही बहुतेक गाड्यांचे इंजिन सुरू करते. तिच्या शिशाच्या जाळ्यांवर थापलेला लेप सततच्या हादऱ्यांनी झडून तळाशी साचतो, आणि बॅटरी वेळेपूर्वीच निकालात निघते. आम्ल गळून ट्रेला गंज चढतो, गंजलेला ट्रे बॅटरीला आणखी हलू देतो, आणि दोघे मिळून एकमेकांचा नाश करतात.

कायद्याने या बाबतीत जी भाषा वापरली आहे ती मला मोठी मार्मिक वाटते. खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची आणि त्यानंतरचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी, मुदतीआधी साठ दिवसांच्या आत अर्ज करावयाचा, ही तजवीज सर्वांना माहीत असते. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम १९० पासिंगच्या दिवसापुरते नाही, ते रोजचे आहे: ज्या दोषामुळे वाहन धोकादायक ठरते तो दोष वाहन चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला ठाऊक होता, किंवा साधारण दक्षता घेतली असती तर ध्यानात आला असता, एवढ्यावर ते कसूर धरते. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब तेथे चालत नाही. सैल बॅटरी ध्यानात येण्यासाठी लागणारी दक्षता म्हणजे एक तळहात. ब्रिटनमध्ये दरवर्षी होणाऱ्या एम.ओ.टी. तपासणीत २०१२ पासून बॅटरीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि ती निसटून पडेल किंवा शॉर्टसर्किट करील इतकी सैल असेल तर गाडी नापास होते. आपल्याकडे निरीक्षकाच्या नजरेवर भिस्त ठेवण्यापेक्षा हे मला अधिक पसंत आहे.

दुरुस्ती करताना क्रम पाळावा लागतो. इंजिन बंद करून प्रथम ऋण टोकाची तार सोडावी, मग धन टोकाची. जोडताना याच्या उलट, ऋण सर्वांत शेवटी. ऋण तार सुटलेली असली म्हणजे धन टोकावरचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी वर्तुळ पूर्ण होत नाही. हातातली अंगठी आणि धातूचे कडे आधी काढून ठेवावे. टर्मिनलांवरची निळी-पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, ट्रे कोरडा करून तो सडला असल्यास सरळ बदलावा, आणि त्या मॉडेलचाच क्लॅम्प लावावा. काही बॅटऱ्या वरून पट्टीने धरतात, काहींना पायथ्याशी कंगोरा असून त्यावर पाचर आवळतात, आणि एकीचा क्लॅम्प दुसरीला चालत नाही. पट्टी धातूची असेल तर ती टर्मिनलांपासून दूर बसली पाहिजे. बोल्ट इतकाच आवळावा की बॅटरी हलू नये. त्याहून जोर केल्यास प्लॅस्टिकचे कवच तडकते. धन टोकावर लाल रबरी टोपी हवीच.

चार दिवसांनी मी पुन्हा रांगेत उभा राहिलो. साहेबांनी तळहात ठेवला, काही न बोलता उचलला आणि सही केली. क्लॅम्प, दोन बोल्ट आणि लाल टोपी मिळून जो खर्च आला, तो त्या दुसऱ्या खेपेच्या पेट्रोलपेक्षा कमी होता.