डोंगराचा बेत उतरणीपासून आखावा

‘दुरून डोंगर साजरे’ असे आपण सहज म्हणतो. परंतु डोंगर जवळूनही साजरा वाटावा अशी इच्छा असेल, तर घर सोडण्यापूर्वीच थोडा विचार करणे अगत्याचे आहे. कलबुर्गी शहराहून एका दिवसात पाहून येण्याजोगा यादगीरचा डोंगरी किल्ला आपल्या भागात प्रसिद्धच आहे. त्याच्याच निमित्ताने हे चार शब्द.

कलबुर्गीहून निघालेली आगगाडी शहाबाद व वाडी मागे टाकून सुमारे 75 किलोमीटरवरील यादगीरला पोहोचते. 1871 साली मुंबईकडील व मद्रासकडील लोहमार्ग रायचूरला एकत्र आले, तोच हा मार्ग. बिदरहूनही 2017 पासून कलबुर्गीपर्यंत थेट लोहमार्ग झाला आहे. मात्र तिकडील मंडळींनी आदल्या रात्री कलबुर्गीस आप्तांकडे मुक्काम करणे बरे. यादगीर गावातच मोठमोठ्या शिळांचा हा डोंगर उभा आहे. वर तटबुरूज, जुन्या तोफा, मंदिरे व मशिदी आहेत.

आपण नेहमी विचारतो, “किती वाजता निघायचे?” खरा प्रश्न, “किती वाजता परत फिरायचे?” हा आहे. परतीच्या गाडीची वेळ प्रथम कागदावर लिहावी व तेथून मागे मोजत यावे. स्थानकावर अर्धा तास आधी पोहोचणे, सावकाश उतरणे, भोजन व विसावा हे सर्व वजा करून जो वेळ उरेल तोच चढणीचा. ठरलेल्या घटकेस जेथे असू तेथून फिरावे, मग शेवटचा बुरूज पाहावयाचा राहिला तरी चालेल.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो व शिळा तव्यासारख्या तापतात. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडावा. मात्र डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, हे विसरू नये. शनिवारी गेल्यास रविवारची मिस्साही चुकत नाही. माणशी दोन लिटर पाणी न्यावे. वरील पाण्यावर विसंबू नये. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा व लिंबू एवढी शिदोरी पुरे.

सर्वांत सावकाश चालणाऱ्यास पुढे ठेवावे. आजी मध्येच थांबल्या तर त्यांच्यापाशी कोण बसणार, हे आदल्या संध्याकाळीच ठरवावे. दमलेल्यास कोणी हिणवू नये. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा व विनाविलंब दवाखान्यात पोहोचवावे.

प्रभूच्या रूपांतराचा सण आपण 6 ऑगस्टला साजरा करतो. परंपरेने तो डोंगर ताबोर मानला जातो. तेथे पेत्राला वरच राहावेसे वाटले. त्याने तीन तंबू उभारण्याची गोष्ट काढली. परंतु प्रभू शिष्यांसह खाली उतरला, कारण पायथ्याशी एक पिता आपल्या आजारी मुलासाठी वाट पाहत होता. आपलीही वाट घरी कोणी पाहत असतेच. चढलेले सर्व जण सुखरूप परतून संध्याकाळी एकत्र रोजरीस बसले, की सहल सार्थकी लागली म्हणावे.