ताण कामाचा आणि मुभेचा

‘मामा, मीच कमी पडतो,’ असे हिंजवडीत नोकरी करणारा भाचा म्हणाला आणि मी या विषयाच्या मागे लागलो. १९७९ साली अमेरिकी संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी मांडले, की काम भरपूर आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी माणसाला खचवते. पुढे त्यात सहकाऱ्यांच्या आधाराचा घटक जोडला गेला. लंडनमधील दहा हजारांवर सरकारी नोकरांच्या, १९८५मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीतही कामावर ताबा कमी असलेल्यांत हृदयविकार अधिक आढळला. म्हणजे दोष एकट्या माणसाच्या स्वभावाचा नसतो, कामाच्या रचनेचाही असतो.

मग करायचे काय? चार कामे एकदम अंगावर आली, तर आपणच क्रम लावून साहेबांना लेखी कळवावा. निर्णयातला थोडा वाटा परत हाती येतो. मन मोकळे करता येईल असा एक तरी सहकारी जोडावा. दोन्ही जमेना, तर वेळीच दुसरी नोकरी पाहावी. त्यात कमीपणा नाही.

भाच्याने यादी पाठवली आहे. उत्तराची वाट पाहतो आहे.