सशाचा डोळा पुन्हापुन्हा का वाहतो?

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिरा अभयारण्याच्या कडेला चोरखमारा हे गाव आहे. तेथील मोठ्या तलावाचे पाणी कालव्याने धानाच्या बांध्यांना मिळते. अशा एखाद्या तलावाचा कालवा गाळाने भरला, तर काय होईल? वरून येणारे पाणी पूर्वीइतकेच, पण जायला वाट नाही. मग ते सांडव्यावरून बाहेर पडू लागेल. अशा वेळी सांडव्यावर कितीही उपाय केले तरी ते वाया जातील. कालव्यातला गाळ काढला पाहिजे आणि तो कोठून येतो हेही शोधले पाहिजे.

पाळीव सशांच्या डोळ्यांचे एक नेहमीचे दुखणे थेट असेच आहे. डोळ्यातून पाणी किंवा पांढरा चिकट स्राव येतो, डोळ्याखालची लव भिजून चिकटते. औषधाचे थेंब घातले की थोडे दिवस बरे वाटते. थेंब थांबवले की पुन्हा तेच! पुष्कळ जण थेंबांची बाटली बदलतात. परंतु दोष बहुधा डोळ्यात नसतो, तो डोळ्याच्या 'कालव्यात' असतो.

अश्रूंचा कालवा

अश्रू फक्त रडण्यासाठी नसतात. डोळा ओला व स्वच्छ ठेवण्यासाठी ते सतत थोडेथोडे पाझरत असतात. वापरलेले अश्रू एका बारीक नळीतून नाकात उतरतात. आपल्या प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात या नळीची दोन तोंडे असतात, एक वरच्या पापणीत व एक खालच्या. सशाला मात्र खालच्या पापणीत एकच तोंड असते. तेवढे एक बंद झाले की दुसरी वाट नाही.

शिवाय सशाची अश्रुनलिका सरळ नसते. डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत जाताना तिला दोन तीव्र वळणे पडतात. सुरुवातीला सुमारे २ मिलिमीटर व्यासाची ही नळी पुढे, पटाशीच्या दाताच्या मुळाजवळ, सुमारे १ मिलिमीटर इतकी अरुंद होते. वळण आणि अरुंद जागा एकत्र आली की गाळ तेथेच साचणार, हे सांगायला नकोच.

व्यास अर्धा, प्रवाह सोळावा हिस्सा

येथे पदार्थविज्ञानाचा एक नियम कामी येतो. प्वाझय हा एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे समजून घेण्यासाठी त्याने काचेच्या केशनलिकांतून द्रव वाहू देऊन मोजमापे केली. १८४० च्या सुमारास त्याला आढळले की, दाब व नळीची लांबी तीच असेल, तर बारीक नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो.

याचा अर्थ काय? नळीचा व्यास निम्मा झाला, तर प्रवाह निम्मा होत नाही. तो २ × २ × २ × २, म्हणजे सोळा पटीने कमी होतो! तसेच द्रव जितका दाट, तितका प्रवाह कमी. नळीत जंतू वाढून पू झाला की दोन्ही गोष्टी एकदम घडतात. नळीची भिंत सुजून वाट अरुंद होते आणि आतला द्रवही घट्ट होतो. मग अश्रू गालावरून वाहणार नाहीत तर काय होईल?

दुखणे डोळ्याचे, मूळ दातात

पण नळी मुळात दबते कशामुळे? सशाचे सर्व २८ दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर, म्हणजे वर्षाला १० सेंटिमीटरहून अधिक वाढतात. जितकी वाढ तितकी झीज झाली, तरच लांबी कायम राहते. ही झीज गवत तासन्‌तास चघळण्याने होते. गवताच्या पात्यात सिलिका असते आणि ती दातांना कानशीसारखी घासते.

पाळीव सशाला आपण प्रेमाने बिस्किटे, पोळी, कणी, पोहे चारतो. हे पदार्थ चार चावांत संपतात. झीज कमी पडते आणि दात वाढतच राहतात. वर जागा उरली नाही की दात मुळाकडून जबड्याच्या हाडात मागे रेटला जातो. वरच्या पटाशीची व पुढच्या दाढांची मुळे अश्रुनलिकेला अगदी लागून असतात. ती नळीला बाहेरून दाबू लागतात. कित्येकदा वाहणारा डोळा हीच दातांच्या आजाराची पहिली खूण असते. आखूड तोंडाच्या जातींत हा त्रास अधिक आढळतो.

याखेरीज पिंजऱ्यातील धूळ, डोळ्यात गेलेले कुसळ आणि साचलेल्या मुत्रातून निघणारा अमोनिया वायू यांनीही डोळे वाहतात. म्हणून पिंजरा रोज स्वच्छ हवा.

उपचार कसे होतात?

पशुवैद्य प्रथम तोंड व दात तपासतात. डोळ्यात फ्लुओरेसीन या रंगद्रव्याचा थेंब घालून तो रंग नाकपुडीत उतरतो का, हे पाहतात. उतरला तर वाट मोकळी आहे. याच रंगाने डोळ्याच्या पारपटलावरील जखमही दिसून येते. मुळे वाढल्याची शंका असेल तर डोक्याचा क्ष-किरण फोटो काढतात. नळी तुंबली असेल तर पापणीतल्या तोंडातून अगदी बारीक नळी घालून सलाईनने ती धुतात. हे कधीकधी अनेक वेळा करावे लागते. जंतुनाशक थेंब यानंतरच खरे उपयोगी पडतात. वाढलेले दातही योग्य अवजाराने घासून आखूड करतात. मुळे फार मागे गेली असतील तर ती पूर्ववत होत नाहीत. तेव्हा ठरावीक काळाने नळी धुणे, दात घासणे किंवा दात काढणे हाच मार्ग राहतो. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल, तर विदर्भातील विद्यार्थ्यांना नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

घरी आपण काय करावे? उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून स्राव हलकेच पुसावा, लव कोरडी करावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. हरळीसारखे स्वच्छ गवत व वाळलेला चारा दिवसभर समोर ठेवावा. धुऱ्यावरचे गवत आणताना तेथे कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री करावी. आहार एकदम न बदलता आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू बदलावा.

काय करू नये, हे अधिक महत्त्वाचे. माणसांसाठी आणलेल्या पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारख्या गोळ्या सशाच्या पोटात जाऊ देऊ नयेत. त्यांनी आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो. स्टेरॉइड असलेले थेंब पशुवैद्याने सांगितल्याशिवाय घालू नयेत, कारण पारपटलावर जखम असेल तर ती चिघळते. दात नखे कापण्याच्या कात्रीने तोडू नयेत, ते उभे चिरतात. आणि सशाने दिवसभर काही खाल्ले नाही, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

नागझिऱ्याच्या रानात दिसणारा ससा हा निराळ्या जातीचा वन्य प्राणी आहे. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला घरी आणू नये.

प्रयोग करून पाहा

एकाच लांबीच्या दोन नळ्या घ्या. एकीचा आतील व्यास दुसरीच्या निम्मा असावा. साखरेचा पाक दोन्हींतून सारख्याच उंचीवरून वाहू द्या आणि एक कप भरायला लागणारा वेळ मोजा. नुसत्या छेदाच्या क्षेत्रफळाचा विचार केला, तर बारीक नळीला चौपट वेळ लागावा असे वाटते. प्रत्यक्षात किती लागतो? उत्तर सोळाच्या जवळ आले, तर ते कशामुळे, याची चर्चा वर्गात करा. पाकाऐवजी साधे पाणी घेतल्यास उत्तर का बदलते, याचाही शोध घ्या.