८८८८ कुठून येतं, आणि ते कोणाकोणाला दिसतं?

ज्युपिटर नोटबुक सुरू केलं की ब्राउझरच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' आणि पुढे ८८८८ दिसतं. रोज बघतो, पण हा आकडा काय आहे ते सहसा कोणी विचारत नाही.

एका संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम नेटवर्कवर बोलत असतात. आलेला डेटा त्यांतल्या कोणाला द्यायचा, हे पोर्ट नंबरवरून ठरतं. नंबर १६ बिटांचा, म्हणून ० ते ६५५३५. वेबसाठी ८० आणि ४४३ हे ठरलेले. ब्राउझर ते गृहीतच धरतो, त्यामुळे पत्त्यात लिहावे लागत नाहीत. युनिक्सच्या जुन्या रिवाजानुसार १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला रूटचे अधिकार लागतात. लॅबच्या सर्व्हरवर ते आपल्याला कोण देणार? म्हणून मग वरचे नंबर: टॉमकॅट ८०८०, जँगो ८०००, आरस्टुडिओ सर्व्हर ८७८७, फ्लास्क ५०००. (मॅकवर मॉन्टेरेपासून ५००० वर एअरप्ले बसलेलं असतं. फ्लास्क चालत नसेल तर आधी ते बघा, कोड नंतर.)

हे सगळे नुसते संकेत आहेत, सक्ती नाही. ८८८८ रिकामं नसेल तर ज्युपिटर ८८८९ घेतं. सामायिक सर्व्हरवर सवयीने ८८८८ टाइप केलंत, तर समोर दुसऱ्याच कोणाचं तरी टोकन मागणारं पान येईल. टर्मिनलवर छापलेला नंबर वाचा.

पण माझ्या मते नंबरापेक्षा त्याच्या आधीचा पत्ता जास्त महत्त्वाचा. १२७.०.०.१ म्हणजे फक्त ह्याच मशीनवरून या. ०.०.०.० म्हणजे कुठूनही या. घरून नोटबुक उघडत नाही म्हणून बरेच जण दुसरा पर्याय टाकतात, आणि पासवर्डची कटकट नको म्हणून तोही काढतात. मोंगोडीबीच्या जुन्या आवृत्त्या अशाच सगळ्या पत्त्यांवर, पासवर्डशिवाय उघडायच्या. पोर्ट सगळ्यांना ठाऊक, २७०१७. जानेवारी २०१७ मध्ये असे हजारो डेटाबेस पुसले गेले आणि मागे खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. तुमच्या तीन वर्षांच्या रीडिंग्जचंही तेच होऊ शकतं. नंबर बदलून फार काही साधत नाही, कारण सगळी पोर्टं तपासणारी साधनं फुकट मिळतात.

सोपा मार्ग एसएसएच टनेलचा. नोटबुक १२७.०.०.१ वरच ठेवायचं आणि लॅपटॉपचं एक पोर्ट २२ नंबरच्या एसएसएच जोडणीतून त्याला जोडायचं. टोकन मात्र तरीही काढू नका. त्याच सर्व्हरवर ज्यांचं लॉगिन आहे, त्यांना १२७.०.०.१ तुमच्याइतकंच उघडं असतं.